पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) : जैववैद्यकीय संशोधनात कोणते वापरावे, कशासाठी, आणि ते कितपत निर्धोक आहे?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लायसोझाइम या, जिवाणूंची भित्तिका फोडणाऱ्या, एन्झाइमला पेगच्या साखळ्या जोडल्यावर त्याचा टिकाऊपणा वाढतो का आणि त्याच्या क्रियाशीलतेवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय ठरला आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पेग ४००, पेग ४००० आणि पेग ६००० अशा तीन बाटल्या आहेत. शोधनिबंधांमध्ये मात्र यांपैकी एकाचाही उल्लेख नसतो. तिथे ‘एम-पेग ५०००’, ‘शाखायुक्त ४० किलोडाल्टन पेग’, ‘पेग-लिपिड २०००’ अशी नावे येतात. बद्धकोष्ठतेच्या पावडरीत, मलमात, कर्करोगाच्या इंजेक्शनात आणि एम-आरएनए लशीत एकच पदार्थ असतो हे वाचून माझा गोंधळ वाढला आहे. मार्गदर्शकांनी ‘सुरक्षितता’ या विषयावर वेगळे प्रकरण लिहायला सांगितले आहे. जाणकारांनी मूळापासून समजावून सांगितले तर फार मदत होईल.

बालाघाट (छत्रपती संभाजीनगर)

प्रश्न योग्य जागी विचारला आहे. मी बहुवारिकांचे (पॉलिमरांचे) रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून रसायनापासून सुरुवात करतो.

इथिलीन ऑक्साइड या तीन अणूंच्या कड्याच्या वायूचे कडे उघडून एकापुढे एक जोडत गेले की पेगची साखळी तयार होते. तिच्यात दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन हाच क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि अशा प्रत्येक घटकाचे वजन साधारण ४४ डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) असते. नावापुढचा आकडा हा सरासरी रेणुभार आहे. त्यामुळे पेग ४०० मध्ये सुमारे ९ घटक असतात, पेग ४००० मध्ये सुमारे ९० आणि पेग ६००० मध्ये सुमारे १३६. रेणुभार फारच वाढला की त्याच पदार्थाला पॉलिइथिलीन ऑक्साइड म्हणण्याची रीत आहे.

साखळीतला प्रत्येक ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध करतो आणि दर घटकामागे दोन ते तीन पाण्याचे रेणू धरून ठेवले जातात. पेगवर विद्युतभारही नसतो. पाण्याने वेढलेली, सतत हलणारी ही साखळी आपल्या वजनाच्या मानाने फार मोठी जागा व्यापते आणि दुसऱ्या प्रथिनाला जवळ येऊ देत नाही. तुम्ही उल्लेख केलेले बहुतेक सगळे उपयोग या एका गुणातून निघतात. मात्र किती जागा व्यापायची हे रेणुभार ठरवतो आणि ती साखळी कोणाला जोडली जाणार हे टोक ठरवते. म्हणून माझा आग्रह असा की प्रबंधात कुठेही नुसते ‘पेग’ असे लिहू नये. रेणुभार आणि टोकावरचा गट यांची नोंद प्रत्येक वेळी असलीच पाहिजे. ही नोंद नसलेला प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येत नाही.

तुमच्या कपाटातील तिन्ही पेगच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट आहे. तो लायसोझाइमशी आपणहून जोडला जाणार नाही. तुम्हाला एका टोकाला मिथॉक्सी गट लावून ते टोक बंद केलेले, म्हणजेच ‘एम-पेग’, आणि दुसऱ्या टोकाला, प्रथिनातील अमिनो गटाला जोडला जाणारा, एनएचएस एस्टरसारखा क्रियाशील गट असलेले पेग लागेल. दोन्ही टोके उघडी ठेवली तर एकच साखळी दोन प्रथिनांना बांधून टाकते आणि हाती गुठळ्या येतात.

एक गोष्ट जाता जाता. पेग ६०० चा वितळणबिंदू २० अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडे डिसेंबरात ही बाटली गोठलेली दिसते आणि मार्चमध्ये तीच पातळ होते. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून वरचा द्रव काढून वजन केले तर लहान साखळ्यांचे प्रमाण जास्त येते. ती पूर्ण वितळवून, हलवून मगच नमुना घ्यावा.

बियाणे (परभणी)

माझे क्षेत्र वैद्यकाचे नाही, पण रेणुभाराबद्दलच्या मुद्द्याला आमच्याकडचे उदाहरण चपखल लागू पडते. कृषी संशोधनात दुष्काळाचा ताण प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी पेग ६००० सर्रास वापरले जाते. ज्वारी, तूर किंवा हरभऱ्याचे बियाणे या द्रावणात उगवायला ठेवतात. द्रावणात पाणी असते, तरी पेगने ते धरून ठेवल्यामुळे बियाला ते ओढून घेणे जड जाते. या कामासाठी पेग ४०० चालत नाही, कारण लहान साखळ्या पेशीभित्तिकेतून आत शिरतात. मग बियाला ताण कोरडेपणाचा बसला की आत शिरलेल्या रसायनाचा, हे सांगता येत नाही. ६००० ची साखळी बाहेरच राहते.

१९७३ साली मिशेल आणि कॉफमन यांनी पेग ६००० ची संहती, तापमान आणि द्रावणाचा ताण (द्रावण पाणी किती जोराने धरून ठेवते त्याचे माप) यांचे समीकरण दिले. आजही तेच वापरतात. २५ अंश तापमानाला एक किलो पाण्यात १०० ग्रॅम पेग घातले तर ताण उणे ०.१५ मेगापास्कलच्या आसपास येतो आणि २०० ग्रॅम घातले तर उणे ०.४९ च्या आसपास. म्हणजे पेग दुप्पट केले की ताण तिपटीहून जास्त होतो. सरळ त्रैराशिक मांडून द्रावण केले तर सगळी निरीक्षणे चुकीच्या आकड्याखाली नोंदली जातात. शिवाय द्रावण घट्ट असल्यामुळे त्यात प्राणवायू नीट पोचत नाही. बियाणे बुडवून ठेवण्याऐवजी भिजवलेल्या कागदावर ठेवावे ते यासाठीच.

कर्करोगकक्ष (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे बीड, जालना, हिंगोलीपासून रुग्ण येतात, त्यामुळे पेग जोडलेल्या औषधांचा फायदा मी रोज पाहते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा फिलग्रास्टिम हे प्रथिन द्यावे लागते. ते मूत्रपिंडावाटे लवकर बाहेर पडत असल्याने अनेक दिवस रोज टोचावे लागते. त्याच प्रथिनाच्या एका टोकाला २० किलोडाल्टनची पेगची साखळी जोडली की पेगफिलग्रास्टिम तयार होते. त्याचे एका चक्राला एकच इंजेक्शन पुरते. ज्या कुटुंबाला गेवराईहून किंवा सेनगावहून एसटीने यावे लागते आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, त्याच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे हे शोधनिबंधातल्या आलेखांवरून कळत नाही. अमेरिकेत पेगफिलग्रास्टिमला २००२ साली मान्यता मिळाली. २०१८ साली तिथे मान्य झालेले त्याचे पहिले जैवसदृश (बायोसिमिलर) औषध बंगळुरूच्या बायोकॉनने मायलनसोबत विकसित केलेले होते. अशी औषधे आपल्या देशात तयार होऊ लागल्यामुळेच ती आमच्या रुग्णांच्या आवाक्यात येत आहेत.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे अॅस्परॅजिनेज हे जिवाणूंपासून मिळते, त्यामुळे शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध उठते. पेग जोडलेले पेगॅस्परगेज १९९४ पासून वापरात आहे. त्याची अॅलर्जी तुलनेने कमी होते आणि मात्राही कमी वेळा द्याव्या लागतात. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचे पेगवेष्टित लिपोसोम (औषध भरलेले चरबीचे सूक्ष्म गोळे) १९९५ पासून आहेत. त्यांत साधे डॉक्सोरुबिसिन देताना वाटते तेवढी हृदयाची काळजी नसते, मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढतो.

कोलोनोस्कोपीच्या आधी आतडे साफ करण्यासाठी दोन लिटर पाण्यात मिसळून जी पावडर पिण्यास देतात, तिच्यात पेग ३३५० किंवा ४००० असते. ही साखळी आतड्यातून जवळजवळ शोषली जात नाही आणि पाणी धरून ठेवते. सोबत क्षार मोजून घातलेले असल्याने शरीरातील क्षारांचा तोल फारसा ढळत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. पूर्वी या कामासाठी मॅनिटॉल देत असत, परंतु आतड्यातील जिवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात आणि विजेच्या उपकरणाने गाठ काढताना स्फोटाचा धोका राहतो. पेग जिवाणूंना आंबवता येत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाट सर, सुरक्षिततेच्या प्रकरणात एक अडचण आहे. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि खोकल्याच्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल सापडल्यामुळे मुलांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. घरी विषय सांगितला तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न हाच केला. पेग त्याच कुळातले आहे, मग ते निर्धोक कसे?

बालाघाट

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. इथिलीन ग्लायकॉल हा लहान रेणू आहे. तो यकृतात पोचतो, तिथे त्याचे ऑक्झॅलिक आम्लापर्यंत रूपांतर होते आणि त्याचे कॅल्शियमचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. डायइथिलीन ग्लायकॉलही मूत्रपिंडाचा नाश करते. पेगची लांब साखळी शरीरात तुटून इथिलीन ग्लायकॉल होत नाही, कारण तिच्यातील ईथर बंध तोडणारी सोपी वाट मानवी शरीरात नाही. ती बहुतांशी आहे तशी लघवीवाटे बाहेर पडते.

धोका असतो तो भेसळीचा आणि अशुद्धीचा. तयार करताना दोन-तीन घटकांच्या लहान साखळ्या मागे राहू शकतात, म्हणून कमी रेणुभाराच्या औषधी पेगमध्ये इथिलीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल मिळून ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे अशी मर्यादा आहे. आपल्या राज्याला याची किंमत ठाऊक आहे. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यानंतर चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमला गेला. म्हणून औद्योगिक प्रतीचे पेग स्वस्त पडते या कारणाने जैविक प्रयोगासाठी कधीही घेऊ नये. खरेदीची पावती, प्रत (ग्रेड) आणि बॅच क्रमांक प्रबंधात नोंदवावा.

दुसरी अशुद्धी आपल्या हातून घडते. पेग उजेडात आणि उष्णतेत हवेशी संपर्कात राहिले की त्यात पेरॉक्साइड आणि पुढे फॉर्माल्डिहाइड तयार होते. उन्हाळ्यात बंद खोलीत वर्षानुवर्षे पडलेल्या बाटलीतील पेग दिसायला तसेच शुभ्र असते, पण ते प्रथिनातील मेथायोनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण करते. मग ‘पेगमुळे एन्झाइम निकामी झाले’ असा निष्कर्ष निघतो आणि तो खोटा असतो. तुमच्या कपाटातील बाटल्यांवरची तारीख आधी पाहा.

मांजरा (लातूर, सध्या पुणे)

मी रोगप्रतिकारशास्त्रात काम करतो. वरच्या चर्चेत पेगला निष्क्रिय मानले गेले आहे. त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सुरक्षिततेच्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस आणि अब्राहम अबुचोव्स्की यांनी प्रथिनांना पेग जोडण्याची कल्पना पुढे आणली. १९७७ साली अल्ब्युमिन आणि कॅटलेज यांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. परक्या प्रथिनाला पेगने वेढून ते प्रतिकारयंत्रणेपासून लपवावे, हा त्यामागचा हेतू होता. १९९० मध्ये अॅडेनोसिन डीअॅमिनेज या एन्झाइमच्या अभावामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मतःच कोलमडलेली असते अशा मुलांसाठी गायीपासून मिळवलेल्या त्याच एन्झाइमचे पेगयुक्त रूप मान्य झाले. पेग जोडलेले ते पहिले मान्यताप्राप्त औषध होय.

परंतु १९८० च्या दशकातच स्वीडनमधील रिख्टर आणि अकरब्लोम यांनी दाखवून दिले होते की पेगविरुद्धही प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. आज पेग जोडलेले औषध कधीही न घेतलेल्या निरोगी माणसांतही ती आढळतात. पेग सौंदर्यप्रसाधनांत, दंतमंजनात, गोळ्यांच्या वेष्टनात सर्वत्र आहे, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. किती टक्के लोकांत ती असतात याचे आकडे चाचणीनुसार इतके बदलतात की कोणताही एकच आकडा प्रबंधात ठामपणे लिहू नये. त्याऐवजी कोणती चाचणी, कोणती उंबरठा पातळी, हे लिहावे.

याचे परिणाम खरे आहेत. प्राण्यांत पेगवेष्टित लिपोसोमची पहिली मात्रा दिल्यावर प्लीहेतील बी-पेशी पेगविरुद्ध आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे तयार करतात आणि काही दिवसांनी दिलेली दुसरी मात्रा रक्तातून झपाट्याने नाहीशी होते. जे वेष्टन टिकाऊपणासाठी चढवले तेच ओळखीची खूण ठरते. माणसांमध्ये याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे जुनाट गाउटवरील पेग्लोटिकेज. २०१० मध्ये मान्य झालेल्या या औषधाचा परिणाम चाचण्यांमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांत टिकला नाही आणि त्यांच्यातील प्रतिपिंडे मुख्यतः पेगविरुद्ध होती. म्हणून प्रत्येक मात्रेआधी रक्तातील युरिक आम्ल तपासतात. ते पुन्हा चढू लागले असेल तर प्रतिपिंडांनी औषध गिळल्याचे समजून उपचार थांबवतात, कारण पुढच्या मात्रेला तीव्र अॅलर्जीचा धोका असतो. डायलिसिसच्या रुग्णांसाठीचे पेजिनेसाटाइड २०१२ मध्ये मान्य होऊन २०१३ मध्ये तीव्र अॅलर्जीमुळे परत घ्यावे लागले. मात्र त्याला केवळ पेग कारणीभूत होते असे सिद्ध झालेले नाही. हे उदाहरण देताना तेवढी सावधगिरी बाळगावी.

लशींबद्दल. फायझर आणि मॉडर्ना यांच्या एम-आरएनए लशींत चरबीचे नॅनोकण असतात आणि त्यांतील चार लिपिडांपैकी एकाला पेग २००० जोडलेले असते. त्याचे प्रमाण लिपिडांच्या एकूण रेणूंमध्ये दीड टक्क्याच्या आसपास असते. कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत एवढेच त्याचे काम. ते काम झाल्यावर पेग कणावरून सुटणे गरजेचे असते, कारण पेगचे आवरण कायम राहिले तर कण पेशीत शिरत नाही. म्हणून त्या लिपिडाच्या शेपट्या मुद्दाम आखूड, १४ कार्बनच्या ठेवतात, जेणेकरून ते रक्तात लवकर गळून पडेल. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये पेग नव्हते. तिच्यात पॉलिसॉर्बेट ८० होते, ज्यात पेगसारख्याच, पण लहान साखळ्या असतात. गावाकडे ‘लशीत ग्लायकॉल होते’ अशी चर्चा अजूनही ऐकू येते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

पेगला पर्याय म्हणून पॉलिसार्कोसिन, पॉलिऑक्साझोलिन आणि धन-ऋण भार समतोल असलेली बहुवारिके यांवर काम सुरू आहे. तरीही पेगइतका दीर्घ वैद्यकीय अनुभव यांपैकी कशामागेही नाही.

पूर्णाकाठ (परभणी)

पेशी एकमेकींत विलीन करण्यासाठीही पेग वापरतात ना? मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या प्रकरणात वाचले होते. आणि पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रोजेलचे काय?

मांजरा

होय. कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली हायब्रिडोमा (प्रतिपिंडे बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संकर) तयार केला तेव्हा सेंडाय विषाणू वापरला होता. पुढे ती जागा पेगने घेतली. सुमारे ५० टक्के पेग १५०० चे द्रावण ३७ अंशांना एखाद्या मिनिटात थेंब थेंब सोडतात, दोन पेशींच्या आवरणांमधले पाणी ओढले जाते आणि आवरणे एकमेकांत मिसळतात. त्यानंतर तितक्याच हळू पातळ करावे लागते, नाहीतर पेशी मरतात. इथे एवढ्या संहतीचे पेग मुळीच निरुपद्रवी नाही, हेही लक्षात घ्यावे.

हायड्रोजेलमध्ये पेगच्या टोकांना अॅक्रिलेट गट लावून प्रकाशाने जाळे विणतात. पेगला पेशी चिकटत नाहीत, म्हणून त्यात आरजीडी हा पेप्टाइड (पेशींना चिकटू देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) जिथे घालावा तिथेच त्या चिकटतात. पेशींना नेमका कोणता संकेत मिळाला की त्या काय करतात, हे पाहण्याची इतकी स्वच्छ सोय क्वचित मिळते. प्रोस्टेटच्या किरणोपचारात गुदाशय दूर सारण्यासाठी मध्ये सोडतात ते जेलही पेगचेच, आणि ते काही महिन्यांत विरघळून जाते.

गोदाकाठ

आता चित्र स्पष्ट झाले. मार्गदर्शकांशी बोलून एनएचएस एस्टर असलेले एम-पेग ५००० मागवायचे ठरले आहे. ते उणे २० अंशांत ठेवायचे आहे, पण आमच्याकडे वीज वारंवार जाते. दुसरे म्हणजे, क्रियाशीलता मोजण्यासाठी मायक्रोकॉकस या जिवाणूच्या भित्तिकेची नेहमीची पद्धत पुरेशी आहे का?

बालाघाट

आधी साठवणीचे. एनएचएस एस्टरचा शत्रू पाणी आहे. सामू (पीएच) ७ ला ते काही तासांत मोडते, साडेआठला काही मिनिटांत. बाटली आली की कोरड्या जागी लहान कुप्यांत विभागा, प्रत्येक कुपी सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा आणि एका प्रयोगाला एकच कुपी काढा. कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये थंड कुपी उघडताच तिच्या आतल्या काचेवर दव धरते आणि तेवढे पाणी पुरे असते. द्रावणासाठी फॉस्फेट बफर घ्या. ट्रिस किंवा ग्लायसिनचे बफर अजिबात नको, कारण त्यांतील अमिनो गटच पेगला खाऊन टाकतात.

मोजमापाबद्दल तुम्ही फार महत्त्वाचे विचारले आहे. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइममध्ये ६ लायसिन (बाजूला अमिनो गट असलेले अमिनो आम्ल) आणि एक साखळीचे टोक, असे ७ अमिनो गट आहेत. त्यामुळे एक, दोन, तीन पेग जोडलेल्या रेणूंचे मिश्रण मिळेल. जिवाणूची भित्तिका हा अवाढव्य पदार्थ आहे. पेगच्या आवरणामुळे तो एन्झाइमच्या खाचेपर्यंत पोचत नाही आणि क्रियाशीलता खूप घटलेली दिसते. त्याच एन्झाइमला लहान कृत्रिम पदार्थ दिला तर ती बरीच शाबूत असल्याचे आढळू शकते. एकच पद्धत वापरली तर ‘एन्झाइम बिघडले’ आणि ‘एन्झाइमची वाट अडली’ यांतला फरक कळणार नाही. दोन्ही करा.

प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पेग जोडलेले प्रथिन आपल्या खऱ्या वजनापेक्षा बरेच जड असल्यासारखे दिसते, म्हणून पट्टीची जागा पाहून वजन लिहू नका. बेरियम क्लोराइड आणि आयोडीनने जेल रंगवले की पेगच्या पट्ट्या तपकिरी उमटतात. वस्तुमान-वर्णपटाची सोय बाहेर कुठे मिळाली तर ४४ डाल्टनच्या अंतराने कंगव्यासारखी शिखरे दिसतील. ती दिसली की पेग खरोखर जोडले गेले असे मानायला हरकत नाही.

मांजरा

यात एक नियंत्रण गट जोडा. एनएचएस एस्टर आधीच पाण्यात मोडू दिलेले तेच एम-पेग, त्याच प्रमाणात, साध्या लायसोझाइममध्ये नुसते मिसळून ठेवा. टिकाऊपणा त्यातही तितकाच वाढला तर तो बंधामुळे नव्हे, केवळ पेगच्या सान्निध्यामुळे वाढला, असे ठरेल. अनेक निबंधांत हा गट नसतो आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

गोदाकाठ

हा गट आजच आराखड्यात घालते. मागणीपत्रात रेणुभार, टोकाचा गट आणि प्रत तिन्ही लिहिले आहे. कपाटातली पेग ४०० ची बाटली पाहिली. तिच्यावर उघडल्याची तारीखच नाही, त्यामुळे ती प्रयोगातून बाजूला ठेवली आहे. पहिल्या जेलचे छायाचित्र इथेच देईन.